बारा पॉइंट सहाचं ॲव्हरेज

सुरेंद्र वाघचौरेला कुणी गाडीचं ॲव्हरेज विचारलं तर तो सरळ आकडा सांगत नाही. कुठल्या रस्त्यावर, एसी चालू की बंद, आत माणसं किती, असे तीन-चार प्रश्न उलट विचारतो. विचारणारा बिचारा लिफ्टमध्ये उभा असतो, त्याचा मजला येतो आणि तो उतरून जातो. त्यामुळे आमच्या मोशीच्या सोसायटीत निम्म्या लोकांना त्याच्या गाडीचं ॲव्हरेज अजून कळलेलं नाही.

मला माहीत आहे, कारण चाकणच्या एकाच कंपनीत आम्ही दोघांनी सव्वीस वर्षं काढली. मी परचेसमध्ये होतो, म्हणजे समोरचा सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं असं धरून चालण्याचा पगार घेत होतो. सुरेंद्र स्टँडर्ड रूममध्ये. व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल, कंपनीत मोजायची जेवढी म्हणून साधनं होती ती ठरलेल्या मुदतीनं त्याच्याकडे तपासायला यायची. बरोबर असलं तर हिरवं स्टिकर, चुकत असलं तर लाल. त्या खोलीत बारा महिने वीस डिग्री तापमान ठेवावं लागायचं, म्हणून एप्रिल-मेमध्ये मशीनशॉपवरच्या लोकांना आपापली मापं तपासून घ्यायची भारी हौस यायची. सुरेंद्र कुणाला हाकलायचा नाही, पण बसायला खुर्चीही द्यायचा नाही. मॅनेजर सांगतो म्हणून लालचं हिरवं त्यानं कधी केलं नाही. एका ऑडिटच्या आदल्या दिवशी त्यानं मॅनेजरच्याच टेबलावरच्या व्हर्नियरला लाल स्टिकर लावलं होतं. हे मी कौतुकानं सांगतोय की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही.

रिटायर झाल्यावर त्यानं ही गाडी घेतली. फोर बाय फोर, डिझेल, हातानं बदलायचे गिअर. गाडीचं नाव सांगत नाही. तिचे मालक फार हळवे असतात, कुणी काही बोललं की रात्रभर उत्तरं लिहितात. माझं मत विचाराल तर मागच्या सीटवर बसून मी एकदा चाकण ते तळेगाव गेलोय. तो रस्ता तसाही कुणाला सुखानं जाऊ देत नाही, पण या गाडीत प्रत्येक खड्डा स्वतंत्रपणे कळतो. मागे माणसं बसली की सामानाला जागा दोन पिशव्यांपुरती. शंभरच्या पुढं वाऱ्याचा आवाज इतका होतो की बोलणं थांबवावं लागतं, आणि सुरेंद्र बरोबर असताना ही सोयच म्हणायची. पण खडकाळ चढावर खालच्या गिअरमध्ये टाकून पाय काढून घेतला की ही गाडी आपली आपण, सावकाश, दगड चाचपत वर जाते. ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीही गप्प बसलो.

घेतल्या दिवसापासून सुरेंद्रनं वही घातली. पंप एकच, नोझल एकच, वेळ सकाळी सातची. टाकी काठोकाठ भरायची, गाडी दोन्ही बाजूंनी हलवून आतली हवा काढायची, पुन्हा भरायची. मग पुढच्या वेळी टाकी फुल करायला जेवढं डिझेल लागेल त्यानं मधल्या किलोमीटरना भागायचं. वर्षात एकतीस वेळा त्यानं हे केलं. चाकणला कंटेनरच्या रांगेत अडकलं तर नऊ, शहरात अकराच्या आसपास, नाशिक हायवेला ऐंशीच्या स्पीडनं चौदाला टेकते, शंभरच्या वर गेलं की पुन्हा बारा. गाडीतला डिस्प्ले बाई-माणसाला खूश ठेवावं तसा नेहमी एक-सव्वा जास्तच दाखवतो. एकतीस टाक्यांची सरासरी बारा पॉइंट सहा.

या गाडीच्या मालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथं सगळ्यांच्या गाड्या सोळा-सतरा देतात. सुरेंद्रनं बारा पॉइंट सहा लिहिलं तेव्हा कुणीतरी त्याला गिअर बदलायला शिका काका असा सल्ला दिला. त्यानं उत्तरादाखल वहीच्या एकतीस नोंदींचे फोटो टाकले. त्यानंतर नवीन गाडी घेणारा माणूस ग्रुपवर आला की लोक सांगायला लागले, खरा आकडा पाहिजे असेल तर वाघचौरे काकांना विचार. या गोष्टीचा त्याला फार आनंद झाला होता. दाखवला नाही, पण झाला होता.

आता सुरेंद्रची बायको, नीलिमावहिनी. त्या पिंपळे गुरवच्या एका शाळेत गणित शिकवतात, नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत. त्यांचं माहेर खेड तालुक्यात, वाडा गावाच्या पुढं, भीमाशंकरच्या रस्त्यावरून आत. आई दुर्गाबाई एक्याऐंशी वर्षांच्या, वहिनींच्या भावाजवळ राहतात. त्या गावापर्यंत एसटी जाते. राजगुरुनगरला गाडी बदलायची आणि मग फाट्यावर उतरून पाच मिनिटं चालायचं. वहिनी कित्येक वर्षं शनिवारची सकाळची शाळा सुटली की घरी येऊन लगेच निघायच्या आणि रविवारी परत यायच्या. यात त्यांना काही विशेष वाटायचं नाही.

विशेष होतं ते वरच्या वाडीचं. दुर्गाबाईंची धाकटी बहीण रुक्मिणीबाई चार किलोमीटर वर, डोंगराच्या खांद्यावर राहायची. दोघी एकाच गावात दिलेल्या, एक खाली, एक वर. तरुणपणी रोज भेटायच्या. मग दुर्गाबाईंचे गुडघे गेले, रुक्मिणीबाईंना दम लागायला लागला. वर जाणारा रस्ता म्हणजे पावसानं धुऊन काढलेले दगड. त्यावर एसटी नाही, रिक्षा नाही, गावातल्या मोटारसायकलवाल्यानं एक्याऐंशी वर्षांच्या बाईला मागे बसवायचं धाडस करू नये. चार किलोमीटरवरची बहीण दुर्गाबाईंनी नऊ वर्षं बघितली नव्हती. फोनवर बोलायच्या, पण दोघींनाही नीट ऐकू येत नव्हतं.

वहिनींनी गाडी शिकली ती यासाठी. मोशीच्या क्लासमध्ये लहान गाडीवर शिकून लायसन्स काढलं, मग सुरेंद्रनं इंद्रायणीच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर त्यांना ही मोठी गाडी शिकवली. खालचा गिअर कधी टाकायचा, उतारावर ब्रेकला हात लावल्यासारखा पाय कसा लावायचा. चांगलं शिकवलं त्यानं, हे मान्य करायला पाहिजे. चिडला नाही. वहिनी आमच्या सोसायटीत त्याच्यापेक्षा सरळ गाडी लावायला लागल्या, तर तो ते लोकांना बोलावून दाखवायचा.

दसऱ्याच्या आठवड्यात वहिनी पहिल्यांदा एकट्या गेल्या. खाली आईला शेजारच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला आणि वर निघाल्या. माझी बायको प्राजक्ता त्यांची मैत्रीण, तिला त्यांनी हे सगळं सांगितलेलं. आई पूर्ण रस्ता डोळे मिटून बसली होती. वरच्या घराच्या अंगणात गाडी थांबली, रुक्मिणीबाई उंबऱ्यात आल्या, दुर्गाबाईंना उतरताना बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "आलीस व्हय. मला वाटलं आता येत न्हाईस." मग दोघी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या. दोन तासांत फारसं काही बोलल्या नाहीत. निघताना दुर्गाबाईंनी लेकीला विचारलं, पुढच्या शनिवारी ही गाडी रिकामी हाय का. त्यानंतर तीन महिने जवळजवळ दर शनिवारी त्या दोघी भेटत होत्या.

त्या पहिल्या फेरीत एका टायरची बाजू दगडानं कापली. बायकोला त्या रस्त्यावर एकटीनं टायर बदलायची वेळ नको, म्हणून सुरेंद्रनं पुढच्याच आठवड्यात चारही टायर बदलून जाड, मोठ्या खाचांचे घेतले. ते आधीच्यापेक्षा उंच होते. गाडी तीनेक सेंटीमीटर वर उचलली गेली. वहिनी म्हणाल्या, आता चढायला मला स्टूल द्या. त्यानं लगेच बाजूला पायरी बसवून घेतली. हे सगळं त्यानं प्रेमानं केलं, त्यात मला शंका नाही.

आणि मग वहीतला आकडा घसरला. अकरा पॉइंट चार. पुढच्या टाकीला अकरा पॉइंट पाच. पुन्हा चार.

कुणाचीही गाडी दोन-पाच टक्के इकडंतिकडं होते. आपण म्हणतो, जाऊ दे. सुरेंद्र म्हणाला, कारण असणार. त्यानं आधी पंपावर संशय घेतला. पंपावर पाच लिटरचं माप असतं, गिऱ्हाइकानं मागितलं तर त्यात डिझेल सोडून दाखवावं लागतं. त्या नोझलवर शालनबाई नावाची बाई असते, गाडी घेतल्यापासून तीच त्याची टाकी भरायची. तिच्याकडून त्यानं एका सकाळी तीन वेळा माप भरून घेतलं. मागे कंपन्यांच्या बसगाड्यांची रांग लागली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होते. तिन्ही वेळा डिझेल बरोबर खुणेवर आलं. शालनबाईचा चेहरा पडला होता. मी बाजूला उभा होतो आणि मला लाज वाटत होती.

पंप सुटला, मग राहिलं काय? गाडीत नवीन काय झालं? नवीन माणूस चालवायला लागला. सुरेंद्रच्या डोक्यात हे गणित चोख बसलं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्यानं जेवताना वहिनींना सांगितलं की तुझा पाय जड आहे, अर्धा क्लच दाबून ठेवायची सवय आहे, त्यानं डिझेलही जातं आणि क्लचही झिजतो. काही दिवस गाडी फक्त मी चालवतो, आकडा वर येतो का बघू. वहिनींनी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, तीन-चार टाक्या. त्यांनी किल्ली डायनिंग टेबलवर ठेवली आणि पुढच्या शनिवारी एसटीनं गेल्या. खालच्या गावापर्यंत.

तीन-चार टाक्या म्हणजे सुरेंद्रच्या हिशेबानं दोन महिने. रिटायर माणूस गाडी फिरवतो किती? मार्चमध्येही आकडा साडेअकराच होता. आता साध्या माणसाला कळलं असतं की बायकोचा पाय काढून घेतला तरी फरक पडत नाही, तर तो पायाचा दोष नव्हे. पण सुरेंद्र साधा माणूस नाही, शिकलेला माणूस आहे. तो म्हणाला, त्या तीन महिन्यांत क्लच खराब झाला असणार, त्याचा परिणाम अजून दिसतोय. तळवड्याला नवनाथचं गॅरेज आहे, तिथं गाडी नेली. नवनाथनं चालवून बघितली, खालून बघितली आणि म्हणाला, "साहेब, क्लच नव्यासारखा आहे. ज्यानं चालवलीय त्यानं व्यवस्थित चालवलीय." सुरेंद्रनं मला बाहेर येऊन सांगितलं की नवनाथला काही कळत नाही.

मधल्या काळात दुर्गाबाई दर शनिवारी लेकीला एसटीतून उतरताना बघत होत्या. पहिल्या दोन वेळा त्यांनी गाडीचं विचारलं. नंतर विचारलं नाही. वहिनींनी सुरेंद्रला एकदा म्हटलं होतं, तुम्ही चला, तुम्ही चालवा, आईला वर नेऊन आणू. तो दोनदा गेलाही. पण वर जाऊन आलं की त्या टाकीचा आकडा पॉइंट एक-दोननं खाली यायचा आणि सगळी तुलना बिघडायची. मग तो कारणं सांगायला लागला.

एप्रिलमध्ये रुक्मिणीबाईंच्या मुलाचा फोन आला. तो वापीला असतो. आईला आता तिथं एकटीला ठेवता येणार नाही, घर बंद करून कायमची घेऊन जातो, रविवारी संध्याकाळी निघू. हे दुर्गाबाईंनी वहिनींना सांगितलं आणि एवढंच म्हणाल्या, त्याआधी एकदा वर जाऊन यायला पाहिजे. वहिनींनी शुक्रवारी सुरेंद्रकडे किल्ली मागितली. तीन महिन्यांत पहिल्यांदा मागितली.

त्या आठवड्यात सुरेंद्रची टेस्ट चालू होती. बुधवारी टाकी फुल केलेली, हवा काढलेली, फक्त सपाट रस्ता, फक्त ऐंशीचा स्पीड, फक्त त्याचा पाय. शनिवारी सकाळी तळेगावची एक फेरी मारली की चारशे किलोमीटर पूर्ण होणार होते. तो म्हणाला, मध्येच घाट आला तर आकडा बाद होईल. रविवारी सकाळी सातला टाकी भरतो, टेस्ट संपते, मग मी स्वतः आईंना वर नेतो. मुलगा संध्याकाळी नेणार आहे ना, मग दुपारपर्यंत आरामात भेट होईल. नाही म्हणण्यासारखं त्यात काय होतं? वहिनी शनिवारी एसटीनं पुढं गेल्या. रविवारी दहा वाजता सुरेंद्र पोचला, सासूबाईंना उचलून सीटवर बसवलं आणि खालच्या गिअरमध्ये गाडी वर नेली.

वर कुलूप होतं. मुलाला वापीकडं जाणारी एका ओळखीच्या माणसाची गाडी मिळाली म्हणून तो शनिवारी दुपारीच आईला घेऊन गेला होता. घाईत खाली फोन करायचं राहिलं आणि दुसऱ्याची गाडी म्हणून वाटेत थांबताही आलं नाही. दुर्गाबाई गाडीतून उतरल्या नाहीत. काचेतूनच घराकडं थोडा वेळ बघितलं आणि जावयाला म्हणाल्या, "चला, फिरवा गाडी. तिला बी आता कोण परत आणतंय." त्या आठवड्याचा आकडा चौदाच्या जागी बारा पॉइंट सात आला. सुरेंद्रनं तो वहीत लिहिला.

मला हे प्राजक्ताकडून कळलं तेव्हा त्याचा राग आला. चार दिवस त्याच्याबरोबर फिरायला गेलो नाही. पाचव्या दिवशी गेलो. या वयात नवीन मित्र कुठं शोधायचा?

जूनच्या पहिल्या आठवड्यात संगमनेरला त्याच्या पुतण्याचं लग्न होतं. वहिनी आदल्या दिवशीच नातेवाइकांबरोबर गेल्या होत्या, म्हणून मी त्याच्या शेजारी बसलो. मला लहानपणापासून रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचायची खोड आहे. चाकण सोडल्यावर मी नाशिक किती राहिलं ते मोठ्यानं वाचायला लागलो. सुरेंद्रला आकडे ऐकले की राहवत नाही. त्यानं एका दगडाशी ट्रिप मीटर शून्यावर आणलं. राजगुरुनगर गेलं, मंचर गेलं. मधले काही दगड गायब होते, पण गेलेले दगड हिशेबात धरता येतात. नारायणगाव ओलांडल्यावर मी म्हणालो, पन्नास झाले. त्यानं मीटर बघितलं. शेहेचाळीस पॉइंट चार.

त्यानं गाडी बाजूला घेतली. खाली उतरला, पुढच्या टायरसमोर उकिडवा बसला आणि टायरवर हात ठेवला. मी म्हणालो, पंक्चर आहे का? तो टायरची उंची वितीनं मोजत होता. दोन मिनिटांनी आत येऊन बसला आणि मला सांगितलं, जसं शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. मीटर रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतं. चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त पुढं जाते, पण मीटरला ते माहीत नसतं, ते जुन्याच चाकाचं अंतर धरतं. म्हणजे दसऱ्यापासून गाडी शंभर किलोमीटर गेली की वहीत त्र्याण्णव लिहिले जात होते. डिझेल मात्र शंभराचं जळत होतं. खरं ॲव्हरेज बारा पॉइंट तीन होतं. वरचं जे पॉइंट तीन गेलं ते टायरच्या वजनानं गेलं. बायकोच्या पायानं काहीच गेलं नव्हतं.

मोजणाऱ्या साधनावर आयुष्यभर संशय घेण्याचा पगार घेतलेला माणूस हा. त्यानं पंपाचं माप तपासलं, मेकॅनिक तपासला, बायको तपासली. स्वतःच्या हातानं चाकं बदलून ज्या मीटरवर विसंबला, ते मीटर तेवढं तपासलं नाही. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही, कारण तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसता बसला होता आणि म्हणत होता, राव, एप्रिल. एप्रिलचं काय करू?

स्टँडर्ड रूमचा एक नियम असतो. एखादं साधन चुकीचं निघालं की त्याला लाल स्टिकर लावून भागत नाही. ते शेवटचं बरोबर कधी होतं ती तारीख काढायची आणि त्या तारखेपासून त्यानं पास किंवा नापास केलेला सगळा माल पुन्हा मागवायचा. कंपनीत या नियमाला सगळे घाबरायचे, कारण गिऱ्हाइकाला फोन करून सांगावं लागायचं की आमचं चुकलं. सुरेंद्रनं लग्नात जेवतानाच कागदावर यादी केली. ग्रुप, पंप, नवनाथ, नीलिमा.

परत आल्यावर त्यानं ग्रुपवर लिहिलं की दसऱ्यानंतरचे माझे सगळे आकडे रद्द समजा, कारण अमुक. दोन-चार जणांनी अंगठे टाकले. मग पंपावर गेलो. शालनबाईला त्यानं रांगेतल्या ड्रायव्हरांसमोर सांगितलं की ताई, दोष माझ्या मीटरचा होता, तुमच्या मापाचा नव्हता. तिनं मान हलवली आणि विचारलं, फुल करू का? नवनाथला क्लचचं सांगितलं. नवनाथ म्हणाला, मी तर मार्चमध्येच बोललो होतो. मी प्रत्येक ठिकाणी बरोबर होतो आणि मनात म्हणत होतो, अरे गाढवा, यादी उलटी धर. पण अवघड गिऱ्हाईक शेवटी ठेवायची सवय मी परचेसमध्येही भरपूर बघितलेली आहे, आणि मी स्वतःही तेच केलेलं आहे.

संध्याकाळी त्यानं मला घरी चल म्हटलं. एकट्यानं सांगायची हिंमत नव्हती, दुसरं काय. वहिनी गवार निवडत बसल्या होत्या. त्यांनी चहा टाकला. सुरेंद्रनं टेबलावर वही उघडली, कागदावर दोन चाकं काढली, एक लहान, एक मोठं, परीघ काढला, सात पॉइंट आठ टक्क्यांचा फरक काढला, दसऱ्यापासूनची प्रत्येक नोंद दुरुस्त करून दाखवली. वहिनींनी गणिताच्या बाईंनी बघावं तसं सगळं नीट बघितलं. मध्ये एका ठिकाणी त्याचा हातचा चुकला होता, तो त्यांनी सांगितला. शेवटी त्यानं किल्ली त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाला, माझं चुकलं. तुझा पाय जड नव्हता.

वहिनी म्हणाल्या, "गणित बरोबर आहे. पण समजा जड असता, तर?"

"म्हणजे?"

"समजा खरंच माझ्या पायानं लिटरला एक-सव्वा किलोमीटर कमी पडत असता. मग एप्रिलमध्ये किल्ली न देणं बरोबर होतं का?"

सुरेंद्रनं वही मिटली. मी त्याला ओळखतो, तो पटकन काहीतरी बरं बोलून सुटू शकला असता. कुणीही सुटला असता. पण त्याला खोटं रीडिंग देता येत नाही, ते त्याच्याकडून होतच नाही. तो म्हणाला, "तेव्हा मी दिली नसतीच. मला ते बरोबरच वाटलं असतं." आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदा बघितलं.

"मला ते जानेवारीतच कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढवलेला नव्हता. त्यांनी किल्ली त्याच्याकडे परत सरकवली. "ठेवा तुमच्याकडेच. आईला आता वर जायचं नाही. खालपर्यंत एसटी जाते."

गाडी अजून आहे. मीटर त्यानं नवीन टायरप्रमाणे दुरुस्त करून घेतलं, आता ते बरोबर दाखवतं. वहिनी दर शनिवारी एसटीनं जातात. सुरेंद्र दर शनिवारी म्हणतो, मी गावापर्यंत सोडतो. त्या म्हणतात, थांब्यापर्यंत सोडा. मग तो त्यांना मोशीच्या थांब्यापर्यंत सोडतो आणि एसटी येईपर्यंत गाडी बंद करून तिथंच उभा राहतो.